गटाराच्या विहिरीचं सिमेंट

ओल्वान बंदरात माणूस जन्मतो तोच मुळी मासळीच्या वासात. गावाच्या दक्षिणेला मासळीची भुकटी करणारे कारखाने आहेत. त्यांची धुराडी सुरू झाली की दोरीवर वाळत घातलेली चादरसुद्धा उकडलेल्या मासळीसारखी घमघमते. एउदोसिया फारोन्यान याच वासात लहानाची मोठी झाली आणि त्याची तिला कधी घाण वाटली नाही. राजधानीत, लीमाला शिकायला होती तेव्हा बसस्टँडवर गावाकडच्या एखाद्याच्या स्वेटरला तो वास आला, तर उलट तिचा जीव हळवा व्हायचा. तिला किळस होती ती दुसऱ्याच वासाची, गटाराच्या पोटातून येणाऱ्या सडक्या अंड्यांच्या वासाची. आणि नशीब असं की नोकरी लागली ती नेमकी गावाच्या सांडपाणी खात्यात, इंजिनीअर म्हणून.

मच्छिमारांचा पाठीराखा संत पेद्रो, त्याचा उत्सव आठवड्यावर आला होता. सकाळी सकाळी पंपावरचा निसेफोरो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, विहिरीवरची लादी पोकळ वाजतेय. मोटारसायकल गेली तरी खाली खडे पडतात. काल पंपात काँक्रीटचा गोळा अडकला."

"काँक्रीटचा गोळा?"

"गोळा म्हणजे... आता काय सांगू? तुम्हीच बघा. हातानं चुरडला मी."

गावातलं सगळं सांडपाणी चर्चसमोरच्या रस्त्याखाली एका खोल काँक्रीटच्या विहिरीत येऊन पडायचं आणि तिथून पंपानं पुढं ढकललं जायचं. विहिरीच्या छताची लादी म्हणजेच वरचा रस्ता. तीन वर्षांपूर्वी जुनी विहीर फोडून ही नवी बांधली होती. तिचे नकाशे एउदोसियानंच काढले होते. कारखानेवाले मासळी धुतलेलं रक्ताचं पाणी चोरून गटारात सोडतात हे तिला ठाऊक होतं. म्हणून विहिरीच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर आणि लादीच्या खालच्या बाजूला, साधं पोर्टलँड सिमेंट चालणार नाही, बॉक्साइटपासून केलेलं अॅल्युमिना सिमेंटच लागेल, हे तिनं जाड अक्षरांत लिहून दिलं होतं. काम चाललं तेव्हा ती लीमात आईच्या ऑपरेशनसाठी अडकली होती. परत आली तोवर विहीर झाकली होती, वर डांबर पडलं होतं, आणि काम पास करणारे साहेब निरोपाचा हार गळ्यात घालून घरी गेले होते.

निसेफोरोनं झाकण उचललं. वास असा आला की कुणी नाकात बोटं खुपसावीत. एउदोसियानं मुखवटा चढवला, हवेची नळकांडी पाठीला लावली आणि दोरावर खाली उतरली.

खाली पाणी होतं, पण त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नव्हती. तांबूस काळा रस्सा, त्यावर पिवळट फेस, फेसात माशांची डोकी, बाळांचे लंगोट, कोंबडीची हाडं. भिंतींवरून बुळबुळीत ओघळ. तिनं विजेरी वर फिरवली आणि लादीच्या पोटाकडं बघितलं. काँक्रीट उरलंच नव्हतं. पांढरट, ओलसर, फुगलेला लगदा लोंबत होता, नासलेल्या दुधाचं फडकं उघडल्यावर दिसावा तसा. मध्ये मध्ये लोखंडाच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या, काही पार काडीएवढ्या झालेल्या. तिनं स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबावासुद्धा लागला नाही, मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर भोकातून चिकट पाणी गळलं.

पाण्याखालची भिंत मात्र खणखणीत होती. हातोडी मारली तर टणकन आवाज आला.

असं का झालं ते तिला कळत होतं. घाण काँक्रीटला खात नाही. घाणीतून सुटणारा वायू वर जातो, ओल्या भिंतीवर जंतू बसलेले असतात, ते त्या वायूचं तेजाब करतात. साध्या सिमेंटमध्ये पाणी पिऊन घट्ट होताना चुना सुटतो. तेजाब त्या चुन्याला धरतं आणि दगडाचं लोणी करून टाकतं. अॅल्युमिना सिमेंटमधून तसा चुना सुटतच नाही. ते असतं तर ही भिंत अशी झाली नसती. म्हणजे ते इथं नव्हतंच.

तिनं लगद्याचा एक मोठा गोळा पिशवीत घेतला आणि वर आली. निसेफोरोनं विचारलं, "काय?"

"घातलंच नाहीये," ती म्हणाली आणि मुखवटा काढून रस्त्याच्या कडेला ओकली.

विहिरीचा ठेकेदार होता अबुंदियो पुरिसाका. तो कुणी परका नव्हता. एउदोसियाच्या लेकीला, यादिराला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. रक्ताच्या नात्यापेक्षा हे नातं ओल्वानात जड. ठेकेदारीच्या जोडीला त्यानं बंदराच्या चौकात भाजलेल्या कोंबडीचं दुकान काढलं होतं आणि ते जोरात चाललं होतं. यादिराचे वाढदिवस तिथंच व्हायचे.

दुपारी ती दुकानात शिरली तेव्हा अबुंदियो भट्टीपाशी उभा राहून लीमाहून आलेल्या कुणा गिऱ्हाइकाला भट्टी दाखवत होता. आत कोंबड्यांच्या माळा गरगर फिरत होत्या आणि निखाऱ्यांवर चरबी ठिबकत होती.

"तडा? या भट्टीला?" अबुंदियो छाती पुढं काढून सांगत होता. "तीन वर्षं झाली, एक केसाएवढी चीर दाखवा, आज जेवण फुकट. साधं सिमेंट आगीत फुटतं साहेब. हे तसलं नव्हे. जहाजातून आलंय. जाळ खाऊन अजून घट्ट होतं!"

एउदोसिया दारातच थांबली. भट्टीचा काळपट, तुकतुकीत घुमट तिनं किती वेळा पाहिला होता. आज पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं.

"या, या, कोमाद्रे!" अबुंदियोचं लक्ष गेलं. "अरे, इंजिनीअरबाईंना मांडी आणा. छाती नको, कोरडी असते. बसा हो. चेहरा असा का उतरलाय? यादिरा बरी आहे ना?"

ती बसली. समोर ताट आलं, तळलेल्या बटाट्याच्या फोडी, हिरवी झणझणीत चटणी. तिनं सवयीनं एक फोड तोंडात टाकली होती, ती आता गिळवेना.

"कोंपाद्रे, विहिरीला आतून कुठलं सिमेंट लावलंत?"

"विहिरीला? कुठल्या?"

"गावात एकच विहीर बांधलीत तुम्ही."

"अच्छा, ती! सिमेंट लावलं की. सिमेंट म्हणजे सिमेंट. राखाडी भुकटी, पाणी घाला, दगड होतो."

तिनं पिशवी उघडून गोळा ताटाशेजारी ठेवला. तो टेबलावर पसरला आणि त्यातून पाणी सुटलं.

"अहो! जेवणाच्या टेबलावर काय हे! लोक जेवतायत कोमाद्रे!"

"हा तुमचा दगड. लादीच्या पोटातून काढलाय. आणि विहिरीचं सिमेंट तिकडं आहे." तिनं हनुवटीनं भट्टी दाखवली. "कोंबड्या भाजतंय."

तिला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल, निदान गोरामोरा होईल. अबुंदियोनं फक्त आजूबाजूला बघितलं, खुर्ची जवळ ओढली आणि लाडीगोडीनं म्हणाला, "अहो, थोडंच घेतलं. ही भट्टी झाली आणि उरलेलं लोखंडाच्या ओतशाळेवाला त्याच्या भट्टीसाठी मागत होता, त्याला दिलं. एवढं जहाजानं आणलेलं सिमेंट, ते काय गटाराच्या भिंतीला थापायचं? माझ्या जिवावर आलं हो! तिथं कोण बघायला जातंय?"

"मी जाते."

"तुम्ही जाता, तुमची नोकरी आहे. पण तुम्ही सोडून कोण?"

तो हसत होता. ओठांना चरबी लागली होती, ती त्यानं हाताच्या पाठीनं पुसली आणि तोच हात तिच्या मनगटावर ठेवला. एउदोसियानं मनगट ओढून घेतलं. विहिरीत तिला आली होती त्याहून मोठी शिसारी आता आली, आणि तिच्यावर चढवायला मुखवटा नव्हता.

"उत्सवाला पालखी त्या लादीवरून जाते," ती म्हणाली. "खांद्यावर संत पेद्रो घेतलेली चाळीस माणसं. त्यात तुमचा सख्खा भाऊ आहे."

"बाई गं, किती ताणता! मी उद्याच खालून ताजं सिमेंट मारून देतो. गुळगुळीत करतो, आरशासारखं. तुम्हालाच ओळखू यायचं नाही."

संध्याकाळच्या आत ती मेयरच्या खोलीत होती. मेयरनं अत्तराचा इतका मारा केला होता की तिनं खुर्ची खिडकीकडं ओढली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाला, "बाई, उत्सव होऊ द्या. मग बघू."

"उत्सवातच पडेल ती."

"अबुंदियो गिलावा करून देतोय ना?"

"नासक्या दुधावर साय बसवता येते का साहेब? सडलेलं सगळं खरवडून, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत आत जावं लागतं. मग नवी सळई, मग नवं सिमेंट. तोवर रस्ता बंद."

"चर्चसमोरचा रस्ता बंद? पाहुणे येणार, मंडप तिथंच पडणार." मेयर उठून उभा राहिला. "तुम्ही हुशार आहात, पण तुम्ही माणसं घाबरवता. जरा प्रेमानं घ्या."

तिनं तरीही निसेफोरोला घेऊन लादीभोवती दोरखंड आणि पिंपं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपं कचऱ्याच्या गाडीत होती. झाकण उघडं टाकून वरून पंख्यानं हवा सोडली होती, आणि खाली अबुंदियोची माणसं नाकाला फडकी बांधून लगद्यावर गिलावा थापत होती. थापलेला अर्धा खाली रश्श्यात पडत होता, उरलेला राखाडी आणि गुळगुळीत दिसत होता. वरून अबुंदियो ओरडत होता, "घासा रे, घासा! चकाकलं पाहिजे!"

मग तिच्या डोक्यात आलं की मेयरला सांगून उपयोग नाही आणि कोंपाद्रेला तर नाहीच. पालखी मेयर उचलत नाही. पालखी उचलतात मच्छिमार, आणि त्यांचा म्होरक्या पोलिकार्पो केरेवालू. म्हातारा किनाऱ्यावर आपल्या होडीला निळा रंग देत बसला होता.

"पोलिकार्पोकाका, पालखीची वाट बदला."

त्यानं कुंचला थांबवला नाही. "माझ्या बापाच्या वेळेपासून पालखी चर्चसमोरून जाते. तू गटाराची बाई, देवाची वाट तू ठरवणार?"

"मी नाही ठरवत. तुम्ही येऊन बघा आणि मग तुम्हीच ठरवा. बघूनही वाट तीच ठेवलीत तर मी गप्प बसेन."

म्हातारा कुरकुरत उठला. झाकणापाशी आल्यावर त्यानं नाक दाबलं, तिला एक शिवी हासडली, पण वाकला. तिनं लांब काठीला लावलेल्या पिचकारीतून आत औषध मारलं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते, बिनरंगी, जिवंत सिमेंटवर पडलं की गडद गुलाबी होणारं. आधी झाकणाभोवतीच्या काँक्रीटच्या धड, कोरड्या चौकटीवर मारलं. ती जास्वंदीसारखी गडद गुलाबी झाली. मग काठीच्या टोकानं गिलाव्याची एक खपली पाडून लादीच्या पोटावर मारलं. तिथं काहीच झालं नाही. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"गुलाबी म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"गुलाबी म्हणजे सिमेंट जिवंत आहे. लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. ते वाळत नाही काका, पाणी पिऊन घट्ट होतं, समुद्राखालीसुद्धा होतं. तुमचा धक्का उभा आहे की पाण्यात. पण ते जिवंत राहतं ते आतल्या चुन्याच्या जोरावर. इथं घाणीच्या वाफेनं चुना खाऊन टाकलाय. हे आता सिमेंट नाही."

"मग काय आहे?"

तिनं झाकणाच्या कडेखाली, लादीच्या पोटाला हात घालून मूठभर लगदा काढला आणि म्हाताऱ्याच्या पंजात ठेवला. आयुष्यभर मासे फाडलेला तो पंजा. पोलिकार्पोनं मूठ दाबली. बोटांच्या फटींतून लगदा बाहेर आला. त्यानं हात झटकला, विजारीला पुसला, पुन्हा पुसला, आणि रस्त्यावर थुंकला.

"हे आमच्या पायांखाली?"

"हेच."

"आणि वरून रंगरंगोटी केलीय कुणी?"

तिनं नाव घेतलं नाही. म्हाताऱ्याला त्याची गरजही पडली नाही. त्यानं रस्त्याकडेला घमेली धुणाऱ्या अबुंदियोच्या माणसांकडं एकवार बघितलं आणि म्हणाला, "संत पेद्रो यंदा बाजाराच्या गल्लीनं जातील. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे."

राग खूप जणांना आला. मंडपवाल्याला आला, चर्चसमोर खुर्च्या लावून भाड्यानं देणाऱ्या बायकांना आला, आणि सगळ्यात जास्त अबुंदियोला आला. उत्सवाच्या दिवशी चर्चसमोर मेयर पाहुण्यांना घेऊन बसला होता, आणि लांबून बँडचा आवाज बाजाराच्या गल्लीकडून येऊन समुद्राकडं निघून गेला. लोक उठून तिकडं पळाले. अबुंदियो बियरच्या खोक्यांनी भरलेली आपली गाडी घेऊन रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. आज इथं हजारो माणसं थांबणार या हिशेबानं त्यानं दुकान लावलं होतं.

एउदोसिया आणि निसेफोरो पंपघराच्या पायरीवर बसले होते. तिनं विहिरीत दोर सोडायचं तीन पायांचं तिकाटणं, दोर, नळकांडी आणि मुखवटा बाहेर काढून ठेवला होता. निसेफोरोनं तिकाटण्याचे पाय एकदा तपासून बघितले.

"बघा, बघा!" अबुंदियो उरलेल्या लोकांना ओरडून सांगायला लागला. "माझ्या कोमाद्रेनं देवाला पळवून लावलं! इथं म्हणे लादी पडतेय! कागदाची आहे का लादी? पुरिसाकाचं काम आहे ते!" तो लादीवर गेला आणि टाचा आपटून नाचला. दोन-चार माणसं हसली. त्याला जोर चढला.

"कोंपाद्रे, मागे या," एउदोसिया उठली.

"का? घाबरलात? अजून बघा!" तो गाडीत बसला, गाडी लादीवर घेतली, खाली उतरला आणि बॉनेटवर हात आपटत म्हणाला, "कुठाय भोक? दाखवा!"

आवाज मोठा झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यावर पाय पडावा तसा झाला. गाडीची मागची चाकं खाली गेली, खोकी घसरली, बाटल्यांचा खळखळाट झाला, आणि लादीचा कोपरा अबुंदियोला घेऊन आत नाहीसा झाला. गाडी तिरकी होऊन सळ्यांवर अडकून राहिली.

खालून त्याची किंकाळी आली, मग शिव्या, मग "आई, आई". आणि वास. सगळा रस्ता त्या वासानं भरला. लोक नाकं धरून मागं सरले. मेयर खुर्ची पाडून पळाला.

एउदोसियानं मुखवटा चढवला होता. खालून येणारी हाक बारीक होत गेली. "कोमाद्रे... आता वास येत नाहीये... बरं वाटतंय..."

"वास येईनासा झाला म्हणजे वायूनं नाक मारलं, आता मरतोय," निसेफोरो पुटपुटला आणि तिकाटण्याचा दोर ताणून धरला.

ती उतरली. विहिरीच्या मधल्या कठड्यावर तो आडवा पडला होता, कमरेपासून खाली त्या तांबूस रश्श्यात. केसांत लगदा, तोंडात लगदा, गालाला माशाचं डोकं चिकटलेलं. गाडीतून बियर गळून त्याच्यावर ठिबकत होती. तिनं त्याला काखेत धरलं तेव्हा त्याचं अंग तिच्या हातातून बुळबुळ निसटलं. पुन्हा धरलं, मिठी मारूनच धरावं लागलं, छातीशी छाती. त्याच्या अंगातली कोंबडीची चरबी, दारू आणि ती घाण यांचा वास मुखवट्यातून येत नव्हता, तरी तिला तो जिभेवर लागला. पट्टा बांधून ती ओरडली. वरून निसेफोरो आणि गल्लीतून धावत आलेले चार मच्छिमार दोर ओढायला लागले. अर्ध्या वाटेत अबुंदियोला शुद्ध आली, आणि तो तिच्या डोक्यावर भडाभडा ओकला.

वर आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, संत पेद्रोनं वाचवलं. अबुंदियोवर बादल्या ओतल्या गेल्या आणि तो गुडघ्यांवर बसून तिचे गमबूट धरायला लागला. "माझी कोमाद्रे! बघा लोकहो, नातं असं असतं!" लोक डोळे पुसत होते. मेयरनं माईक घेऊन सांगितलं की समुद्राच्या खाऱ्या हवेनं रस्त्याचं नुकसान झालं, निसर्गापुढं कुणाचं चालत नाही.

एउदोसिया बादलीखाली उभी होती. अंगावरून पाणी वाहत होतं आणि घाण काही जात नव्हती. तेवढ्यात पोलिकार्पो पालखी होडीत चढवून, वल्हवणाऱ्यांच्या हाती सोपवून तिथं पोचला. त्यानं मेयरच्या हातातला माईक काढून घेतला आणि सरळ विचारलं, "अबुंदियो, विहिरीचं सिमेंट कुठाय?"

अबुंदियो तोंडावरचं पाणी पुसायला लागला.

"मी सांगतो, तुझ्या दुकानात जेवणाऱ्यांनी ऐकलंय. कोंबडीच्या भट्टीत."

मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळा रस्ता हसला. "गटारकोंबडी!" एक बाई ओरडली. दुसऱ्या दिवशी ते नाव पोरांच्या तोंडी होतं आणि तिसऱ्या दिवशी दुकानाच्या शटरवर रंगवलेलं होतं. महिना गेला नाही तोच दुकान बंद पडलं. लीमाहून चौकशी आली, मेयरनं समुद्राचं पालुपद तिथंही म्हटलं, अबुंदियोला सरकारी कामातून काढलं, खटला सुरू झाला आणि सुरूच राहिला. पण गावानं त्याला शिक्षा दिली ती त्यासाठी नाहीच. चाळीस माणसं मरता मरता वाचली, हे कुणाच्या बोलण्यात नसायचं. बायका बाजारात तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून सांगायच्या, "अगं, आम्ही तीन वर्षं ती गटाराची कोंबडी खाल्ली!"

"भट्टीतलं सिमेंट स्वच्छ होतं," एउदोसिया सांगायची. "ते गटारात कधी गेलंच नाही. तोच तर गुन्हा आहे."

ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा, "शी! गटाराची कोंबडी!" त्यांचं नाक मुरडणंही चुकीच्या जागी होतं, आणि एउदोसियाला आता त्याचीही किळस यायला लागली होती. ती लोकांत मिसळेनाशी झाली. यादिरा विचारायची, "आई, तू सारखे हात का धुतेस?"

ऑगस्टात दुरुस्ती सुरू झाली. सडलेलं सगळं खरवडून काढलं, हातोडीनं ठोकून ठोकून, टणकन वाजेपर्यंत. मग अॅल्युमिना सिमेंटच्या गोण्या आल्या. प्रत्येक गोणी तिनं स्वतः फोडली. ते सिमेंट साध्यापेक्षा काळपट आणि उतावळं. कालवल्यावर रेंगाळायला वेळ देत नाही, दिवसभरात दगड होतं. गवंडी घाईघाईनं मारत होते आणि ती त्यांच्या मागं लागलेली असायची.

एका दुपारी अबुंदियो आला. काठी टेकत, बराच बारीक झालेला. हातात झाकलेला डबा, लिंबात मुरवलेली ताजी मासळी.

"कोमाद्रे, जेवल्या नसाल."

"नको मला."

"माझी बायको बनवते हो, मी नाही. हात स्वच्छ आहेत तिचे."

ती गोणी फोडत राहिली. त्यानं डबा शेजारच्या गोणीवर ठेवला. मग म्हणाला, "एक काम होतं. तुमचा शब्द गाव मानतं. तुम्ही कागदावर लिहून द्या ना, इंजिनीअर म्हणून, की माझ्या भट्टीचं सिमेंट चांगलं होतं. उत्तम होतं. खरंच आहे ना ते? मी ते दुकानाच्या दारावर लावीन. लोक परत येतील."

तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली, ती नव्हती. तो खरोखरच तिच्याकडं आला होता, अन्याय झालेल्या माणसासारखा, आपल्या माणसाकडं. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं.

"कोंपाद्रे, तुम्हाला अजून कळलं नाही का?"

"काय कळायचंय? मेलं का कुणी? पडलो तो मीच पडलो." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हीच काढलंत मला. मग आता असं का वागता?"

खाली गवंडी हाक मारत होते, कालवलेलं सिमेंट घट्ट व्हायला लागलं होतं. एउदोसियानं हातातली रिकामी गोणी झटकली.

"भट्टीचं सिमेंट उत्तमच होतं," ती म्हणाली. "लिहून मात्र देणार नाही. डबा घेऊन जा. आणि यादिराला भेटायला येऊ नका."

तो काहीतरी बोलायला लागला. तिनं मुखवटा चढवला, पट्टे आवळले आणि शिडीवर पाय ठेवला. खाली अजून तोच वास होता, तोच रस्सा वाहत होता, आणि भिंतीची अर्धी बाजू अजून उघडी होती.